ठाण्यात जमा असलेली बंदूक

बुवापाडा, मंगळवार, एप्रिल २००४

संध्याकाळी हवालदार दारात. काल बाजारात गोळी झाडली कुणीतरी, म्हणून बंदुकीचं लायसन असलेल्यांची यादी घेऊन फिरतोय.

"काल तुमची बंदूक कुठं होती?"

म्हटलं, "साहेब, तुमच्याच ठाण्यात. इलेक्शनसाठी जमा केलीय." पावती पुढे केली. बघितलीसुद्धा नाही. मग विचारतो, मुलगी कुठं कामाला, घरी किती वाजता येते. आणि मी गपगुमान सांगितलं! का? वीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिलो, आणि स्वतःच्या दारात 'तुम्हाला कशाला हवंय' एवढंसुद्धा विचारलं नाही. त्यानं पोरीच्या नावासकट सगळं वहीत उतरवलं.

उद्या तीच पावती घेऊन ठाण्यात जाणार. सांगणार, बंदुकीचं काय ते मला विचारा. पोरीचं नाव माझ्यासमोर खोडा. खोडल्याशिवाय बाकावरून उठणार नाही.