काका, त्या कवळीबद्दल थोडंसं

तीर्थरूप काका,

बेटावरून नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण इथल्या फरशीवर सदा मासळीचं पाणी असतं आणि एकदा आडवा झालो की आठवडाभर कुणी शेजारी बसत नाही, म्हणून उभ्यानेच वाकलोय असं समजा. तुमचे गुडघे कसे आहेत? काकूची पाठ? मी मजेत. वजन वाढलंय, पण ते बहुतेक कोटाचं असावं; कोल्ड रूममध्ये जाताना जो जाडजूड कोट देतात तो मी आता जेवताना पण काढत नाही.

परवा तुमचा फोन आला. कवळी मिळाली, झकास बसली, फक्त खालचा ओठ जरा पुढे येतो पण चावायला एक नंबर, असं म्हणालात. वर म्हणालात, "पोटच्या पोराला सुचलं नाही ते तुला सुचलं रे." तुमचा आवाज भरून आला होता (का कवळीमुळेच तसा येत होता, कळायला मार्ग नाही). मी "असू द्या हो काका, त्यात काय" एवढंच बोललो आणि सिग्नल गेल्यासारखं करून फोन ठेवला. तर त्या कवळीबद्दल थोडं सांगायचं होतं. फोनवर जीभ रेटेना, म्हणून कागद घेतलाय.

आमच्याकडे एक मुकादम आहे. आपल्याच बाजूचा, तुमच्याच वयाचा. मासळी गोठवायच्या या कारखान्यात बोट धक्क्याला लागल्यापासून शेवटचा क्रेट कोल्ड रूममध्ये जाईपर्यंत सगळं काम त्याच्या तोंडावर चालतं. शिट्टी नाही, माइक नाही, नुसतं तोंड. धक्क्यावर उभं राहून त्याने एक शिवी सोडली की आत कानटोपी घालून बसलेला माणूससुद्धा हातमोजे चढवायला लागतो. मनाने मात्र लोणी आहे (हे तो झोपला की कळतं). तर या मुकादमाच्या एकुलत्या एका पोरीचं लग्न ठरलं. सुट्टी मंजूर झाली, बोटीचं तिकीट चांगलं आगाऊ आलं, आणि त्याच दुपारी धक्क्यावर वारा सुटला, मुकादमाला सणसणीत शिंक आली आणि वरची-खालची अख्खी कवळी समुद्रात. एका पांढऱ्या पक्ष्याने झेप मारून ती उचलली, चव बघितली, आणि आणखी खोल पाण्यात नेऊन टाकली.

मग कारखान्याचं जे झालं ते विचारू नका. मुकादमाच्या शिव्या बाहेर यायच्या, पण हवा होऊन यायच्या. लोक काम सोडून हसायचे. पण त्याचं दुखणं वेगळंच होतं. कपडे बदलायच्या खोलीत, जिथे आमचे कोट मेलेल्या अस्वलांसारखे टांगलेले असतात, तिथे मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "खायचं जाऊ दे रे, पातळ पिऊन राहीन. पण पोरीशेजारी फोटोला उभं राहायचं आणि तोंड मिटून? लोक म्हणतील, हिच्या बापाला आनंदच नाही." मी काका, बोलून मोकळा झालो, की मुकादम, घोर कशाला, हल्ली कवळी ऑनलाइन मिळते, दात थेट दारात. हे मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो होतो (मी बरंच काही असंच बोलतो, तुम्हाला नव्याने काय सांगायचं). पण फोनवर शोधलं तर खरंच निघाली. आपण थाप मारावी आणि ती खरी निघावी, यासारखा ताप नाही. तेव्हापासून मुकादम मला "ऑनलाइन" म्हणतो. ए ऑनलाइन, इकडे ये. ए ऑनलाइन, कुठे पोचले माझे दात?

ॲपने पत्ता मागितला. या बेटावर रस्ता एकच. त्याला नाव द्यायची कधी गरज पडली नाही. घरांना नंबर नाहीत. मी आपल्या पद्धतीने लिहिलं: मासळी कारखान्याच्या मागे, निळ्या पत्र्याच्या शेडसमोर, डिझेलच्या टाकीला लागून, कुणालाही मुकादम म्हणून विचारावं. ॲप म्हणालं, पिनकोड टाका. मी टाकीवर रंगवलेला नंबर टाकला. ॲप बराच वेळ गोल गोल फिरलं आणि म्हणालं, क्षमस्व, आपण राहता त्या भागात आम्ही येत नाही. (मी इथे नोकरीला निघालो तेव्हा मलाही कुणीतरी इतक्या सभ्यपणे सांगायला हवं होतं.) शेवटी पलीकडच्या मोठ्या बंदरावर बोटीची तिकिटं देणारा खिडकीवाला आहे, त्याचा पत्ता घातला. भला माणूस. सगळ्या बेटाची पार्सलं त्याच्या टेबलाखाली असतात, त्यामुळे तो कायम गुडघे छातीशी घेऊन बसतो.

खातं मात्र तुमचं वापरलं. इथलं माझं कार्ड ते घेईना, आणि आपल्या सगळ्या खानदानाचं खातं एकच, त्याचा फोन तुमच्याकडे, म्हणजे ओटीपी तुमच्याकडे. काका, बेटावर पार्सल येणं एकवेळ सोपं आहे, पण बँकेतून रिटायर झालेल्या माणसाच्या तोंडून ओटीपी बाहेर काढणं म्हणजे काय असतं ते मलाच माहीत. "कोण बोलतंय?" मी म्हटलं, मी, काका. "मी म्हणजे कोण? आवाज काय, हल्ली कुणीही काढतं." मग तुम्ही परीक्षा घेतलीत. लहानपणी माझ्या चपला कुठे लपवल्या होत्यास? पाण्याच्या टाकीत. बरोबर, पण हे चोरालाही ठाऊक असणार, तू गावभर सांगत सुटला होतास. तोवर ओटीपी शिळा झाला. नवा मागवला, तर नवी परीक्षा. शेवटी मागून काकूचा आवाज आला, "अहो तोच आहे, इतकं साळसूद दुसरं कोण बोलणार?" तेव्हा कुठे तुम्ही एकेक आकडा सोडलात. पण मी मागवतोय काय, हे तुम्ही एका शब्दाने विचारलं नाहीत. बँकवाल्यांचं असंच असतं. सही जुळली की कागदात काय लिहिलंय ते बघायचं नाही.

मग पार्सल निघालं. कुठे आहे ते फोनवर दिसायचं, आणि रोज सकाळी क्रेट मोजायच्या आधी मुकादम माझ्या खांद्यावरून वाकून बघायचा. एकदा ते खिडकीवाल्याच्या इतकं जवळ आलं की आम्ही बोटवाल्याला निरोपसुद्धा धाडला, आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर भलत्याच देशात. तिथून आणखी एकात. मुकादम म्हणाला, "मी जन्मात हे बेट आणि आपलं घर यापलीकडे काही बघितलं नाही, आणि माझे दात बघ कसे फिरतायत." मी म्हटलं, अजून ते दात नाहीत मुकादम, नुसता मापाचा लगदा आहे. तो म्हणाला, तरीपण.

लगदा आला एकदाचा. कणकेसारखा असतो, साच्यात थापून तोंडात धरायचा, घट्ट होईपर्यंत हूं का चूं करायचं नाही, की हिरड्यांचं माप उठतं. मुकादमाला उपड्या क्रेटवर बसवला, साचा तोंडात घातला आणि हनुवटी मी स्वतः दोन्ही हातांनी धरली. बजावलं, काही झालं तरी तोंड हलवायचं नाही. मुकादमाने डोळ्यांनी हो म्हटलं. आणि तेवढ्यात, काका, आमच्या फोर्कलिफ्टवाल्याला गाडी उलटी घ्यायची बुद्धी झाली. मागे न बघता त्याने ती सरळ कोल्ड रूमच्या दारावर घातली. दार वाकलं, क्रेट कोसळले, गोठलेली मासळी फरशीवरून घसरत आमच्या पायांपर्यंत आली. आता दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण हा माणूस जन्मभर एवढंच काम करत आलाय. माझ्या हातात ती हनुवटी आधी थरथरली, मग खालचा जबडा पुढे सरकला, ओठ दुमडला, आणि ती शिवी पूर्ण आली. आवाज नाही. नुसता आकार. (कोणती ते लिहीत नाही, काकूसुद्धा वाचेल. तुम्हाला बँकेत कुणीतरी दिली असेलच.) आणि नेमका त्याच क्षणी लगदा घट्ट झाला.

लगदा एकाच वेळेपुरता होता. पाठवला तसाच. कवळी बनवणाऱ्या प्रयोगशाळेची माणसं सरळ स्वभावाची. त्यांनी विचारलं की या मापात गृहस्थ काहीतरी बोलताना दिसतायत, असंच पुढे जायचं का? खाली दोन बटणं होती, एक "हो" आणि एक "नवीन किट पाठवा". नवीन किट म्हणजे पुन्हा जगप्रदक्षिणा, पुन्हा तुमचा ओटीपी. मी हो दाबलं. तुम्ही काय केलं असतंत?

कवळी तयार झाली, निघाली, या खेपेला सरळ बंदरावर आली, आणि खिडकीवाला रजेवर. गुडघ्यांसाठीच घेतली होती म्हणे. पार्सलवाल्याने बंद शटरचा फोटो काढला आणि गेला. मग कंपनीतून कुणीतरी बाई फार गोड बोलली. म्हणाली, आपला पत्ता दुर्गम आहे, पण काळजी नको, आपल्या खात्यावर दुसरा एक उत्तम पत्ता आहे, पिनकोडसकट, मी तिकडे वळवते. मी नको म्हणेपर्यंत तिने मला शुभेच्छा दिल्या होत्या.

तो उत्तम पत्ता तुमचा. डब्यावर नाव माझं, आत कवळी, आणि समोर तुम्ही, ज्यांनी काकूने हात जोडले तरी दातांच्या डॉक्टरची पायरी चढली नाही. तुम्हाला भेट वाटली, यात तुमची काय चूक? तुमचा आणि मुकादमाचा जबडा एका मापाचा निघावा, ही तर बसल्या जागी कुणी केलेली चेष्टाच. माझी नाही, हे मात्र शपथेवर सांगतो.

पण काका, खालचा ओठ का पुढे येतो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. काल काकूचा वेगळा फोन आला होता. हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, तुझ्या काकांना काय झालंय रे, तोंडाने बोलत काही नाहीत, पण सारखे आता बोलतील, आता बोलतील असे बघतात. परवा तिने न मागता तुम्हाला दुसरा चहा केला. टीव्हीचा रिमोट तुमच्या हाताशी ठेवला. आणि सोसायटीचा तो सेक्रेटरी, ज्याच्याकडे तुम्ही बंद पडलेल्या लिफ्टसाठी अर्जावर अर्ज केलेत, त्याने म्हणे तुम्हाला जिन्यात नुसतं बघितलं आणि संध्याकाळी लिफ्टवाला हजर. एवढ्या वर्षांत या घरात तुम्हाला दुसरा चहा मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे पुढचं लिहिताना माझा हात जड होतोय. म्हणून इथेच थांबतो. गुडघ्यांना जपा. काकूला नमस्कार.

आपला,
पुतण्या (धाकटा. मोठा असल्या भानगडीत पडत नाही.)

ता. क. कवळी परत पाहिजे. एका ओळीत लिहायचं होतं, त्याला इतकी पानं लागली, माफ करा.

ता. क. आणखी एक. पोस्टावर आणि ॲपवर माझा आता काडीचा विश्वास उरलेला नाही, म्हणून हे पत्र मुकादमाच्याच हाती दिलंय. तो बोटीने, मग विमानाने, लग्नघरी जायच्या आधी सरळ तुमच्याकडे येतोय. म्हणजे आत्ता तुमच्या समोर सोफ्यावर तोंड मिटून जो गृहस्थ बसलाय, तोच तो. मी त्याला सांगितलंय की कवळी काकांनी कपाटात जपून ठेवली आहे. तेव्हा तुम्ही वाचता वाचता काही बोलू नका, हसू तर मुळीच नका. सहज उठल्यासारखे आत जा, धुवा, मूळ डब्यात घाला आणि बाहेर आणून द्या.

ता. क. लिफ्ट झाली ती झाली, ती काही परत नेता येत नाही. चहाचं म्हणाल तर जबड्याला एव्हाना वळण पडलं असेल, तसाच पुढे ठेवा. काकू तोंडात वाकून बघणार नाही. आणि तुमच्यासाठी नवीन किट मागवलंय, या खेपेला खरंच तुमच्यासाठी. ओटीपी आला की तेवढा सांगा. माप देताना सेक्रेटरीला डोळ्यांसमोर आणा.

ता. क. शेवटचं, आणि हे महत्त्वाचं आहे. मुकादम ती कवळी तिथल्या तिथे लावून बघणार, त्याला धीर निघणार नाही. लावली की तो तुमच्याकडे बघेल, त्याचा जबडा पुढे येईल, ओठ दुमडेल, आणि तुम्हाला वाटेल की हा माणूस आपल्याच घरात बसून आपल्याला शिवी देतोय. देत नाहीये काका. हसतोय.