अपेंडिक्स सांगितलं होतं

प्रिय जिनल,

फोन सोडून कागद का काढला, असं वाटेल तुला. फोनवर मी फार छान खोटं बोलते. ‘जेवलीस का, टाके ओढतात का, शिरा खात जा’ एवढं गोड बोलून फोन ठेवते आणि गोठ्यात जाऊन थुंकते. खरंच थुंकते. तू माहेरी गेलीस तेव्हापासून, पंधरा दिवस झाले, तोंडाला एक घाणेरडी चव बसली आहे, ती कशानेच जात नाही.

घरची खबर म्हणशील तर भुरी म्हैस व्यायली, पारडी झाली. बटाटे काढून झाले. तुझा विपुल जेवताना मान वर करत नाही. आणि काल तुझ्या मोठ्या सासूबाई, माझ्या जाऊ दिवाळीबेन, तुपाने थबथबलेली सुखडी घेऊन आल्या आणि खाटेवर मांडी घालून म्हणाल्या, “दोन्ही नळ्या गेल्या ते एका परीने बरंच झालं बाई. आता गर्भ अडकायला जागाच कुठे उरली? टेस्ट ट्यूबचं उरकून टाका, पुढच्या होळीला नातवाला होळीभोवती फिरवू.” विपुलचे बापुजी खुशीत हसले आणि त्यांनी दुसरी वडी उचलली. महिन्यापूर्वी जी पोरगी रक्ताच्या थारोळ्यात मरत होती तिच्याबद्दल हे बोलणं, तेही तूप चाटत. पण त्यांच्यावर चिडायचं तर कोणत्या तोंडाने? नळी काढली म्हणजे रोगच काढला, हे शहाणपण तीन वर्षं मीच या घरात पाळलं. आणि माझी लेक रिंकल, तुझी भाभी, सांगत होती की तिकडे माहेरी तूही आता तेच म्हणतेस, ‘भाभी, आता कसली भीती.’

तुला पालनपूरची ती तरुण डॉक्टरीण आठवते? तुझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. गर्भ उजव्या नळीत वाढला होता, नळी काढावी लागली. तू गुंगीत होतीस, विपुल सुरतेला हिऱ्याच्या कारखान्यात, आणि पुरुषमाणूस म्हणून सोबत आलेले बापुजी बाहेर चहाच्या टपरीवर. तिने मला एकटीला आत बोलावलं. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढून म्हणाली, “मासी, एकदा असं झालं की पुन्हा होण्याचा धोका असतो. नळी गेली, पण ज्याने ती खराब झाली ते कारण गेलेलं नाही. दुसरीही जुन्या जंतुसंसर्गाने चिकटली आहे. पुढच्या वेळी पाळी चुकली की लगेच मला कळवा. सहाव्या आठवड्याच्या आत सोनोग्राफी झालीच पाहिजे.” मी मान हलवली. अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढलेली बाई मी, मला सगळं समजलं होतं.

समजलं होतं म्हणूनच तर घाबरले. आपला साट्याचा संसार. तू माझ्या घरात आलीस त्याच मांडवातून माझी रिंकल तुझ्या धवलभाईच्या घरात गेली. एक सून परत धाडली की दुसरीही त्याच दिवशी माघारी येते. आपल्या गावात अशा चार जोड्या मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. तुझ्यात खोट निघाली हे वडीलधाऱ्यांच्या कानावर गेलं असतं, तर सहा महिन्यांत ‘हिला सोडा, दुसरी आणा’ सुरू झालं असतं, आणि माझी लेक पेटी घेऊन दारात उभी राहिली असती. हे सगळं मी दवाखान्याच्या जिन्यावर, तीन पायऱ्या उतरता उतरता ठरवलं. टपरीवर जाऊन बापुजींना सांगितलं, अपेंडिक्स. सुरतेला फोन करून विपुललाही तेच.

जीपमध्ये बापुजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले तेव्हा तू मला कानात विचारलंस, “बा, घरी काय सांगायचं?” मी म्हटलं, “मी सांगितलंय. अपेंडिक्स. तू तोंड उघडू नकोस.” तुला वाटलं, सासू किती मायाळू, माझी अब्रू राखली. घरी पोचल्यावर तू, पोटाला टाके असताना, वाकून माझ्या पाया पडलीस. मी पडू दिलं. ते आठवलं की आजही अंगावर पाल पडल्यासारखं होतं. तुझ्या अब्रूशी मला काही देणंघेणं नव्हतं, बेटा. मी माझ्या लेकीचं घर राखत होते. दुसरी नळी खराब आहे हे तर मी तुलासुद्धा सांगितलं नाही, कारण तू घाबरून माहेरी बोलली असतीस.

मग या माघात तू गोठ्यात येऊन हळूच म्हणालीस की दहा दिवस वर गेलेत. माझ्या हातात दुधाची चरवी होती. मला सहावा आठवडा आठवला, ते चित्र आठवलं, सगळं आठवलं. आणि मी काय म्हणाले? “तीन महिने कुणाला बोलायचं नाही. कच्च्या दिवसांत बोललं की नजर लागते.” रीत आहेच आपल्याकडे, मी तिची ढाल केली. सोनोग्राफी म्हटली की जुने कागद आले, डॉक्टरचे प्रश्न आले, विपुल सोबत आला. त्याच आठवड्यात मी ठाकोरवासाच्या वस्तीत घरोघर फिरून बायकांना बजावत होते, ‘पाळी चुकली की नाव नोंदवा, लाजू नका.’ गरोदर बायांच्या रजिस्टरात मी अकरा नावं लिहिली, त्यात माझ्या सुनेचं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

तू डेअरीच्या रांगेत पडलीस त्या सकाळी तुझा खांदा दुखत होता. पोट नव्हे, खांदा; आत रक्त साचलं की तिथे दुखतं, हे डॉक्टरांनी मागून सांगितलं. दिवाळीबेन म्हणाल्या, “वायू आहे, ओवा चावायला द्या.” मी ओवा दिला. अर्ध्या तासाने तुझी नखं पांढरी पडली तेव्हा कुठे गाडी निघाली. डीसाच्या डॉक्टरांनी विचारलं, “आधी काही ऑपरेशन?” विपुलने झटकन सांगितलं, “अपेंडिक्स.” त्याला बिचाऱ्याला तेवढंच ठाऊक. “दिवस गेलेत का?” “नाही नाही.” आणि मी तिथे, पदराचं टोक तोंडात धरून उभी. डॉक्टर आतड्याचं बोलू लागले, एक्स-रेचं बोलू लागले. किती वेळ गेला सांगू? नर्सने दोनदा सुई टोचून शीर शोधली, तिसऱ्यांदा पायाला सापडली, तेवढा. मग मी बोलले, पहिलंही नळीचंच होतं आणि आत्ताही दिवस गेलेत, एवढंच; पालनपूरच्या डॉक्टरणीने बजावलेलं तेव्हाही गिळलं. डॉक्टर माझ्या गळ्यातलं अंगणवाडीचं ओळखपत्र बघून म्हणाले, “तुम्ही? तुम्हाला तर कळायला हवं होतं.” चार बाटल्या रक्त चढवलं तुला. डावी नळी त्या दिवशी गेली.

परवा रिंकल आली होती. तिला मी सगळं सांगितलं, कारण घरात आणखी कुणाला सांगायची हिंमत नव्हती. वाटलं होतं, लेक आहे, गळ्यात पडेल. ती दाराशी चपला घालत म्हणाली, “बा, माझा संसार तू तिच्या पोटावर मांडलास.” तिचंही घर यात मोडू शकतं, हे तिला माहीत आहे. तरी हे पत्र तिच्याच हाती पाठवतेय, तिनेच ते मागून घेतलंय. आणि काल दिवाळीबेन सुखडीचा डबा विसळून निघाल्यावर मी विपुलला आणि बापुजींना समोर बसवून सगळं सांगितलं. बापुजींनी पुढ्यातलं ताट सरकवलं. विपुल उठून गेला आणि शेतातल्या खोलीवर झोपला. त्यांचं ते बघतील.

मी डीसाला जाऊन डॉक्टरांना नीट विचारून आले. त्यांनी सांगितलं ते असं. दोन्ही नळ्या काढल्या तरी गर्भाशयाच्या कोपऱ्यात नळीचा खुंट राहतो. टेस्ट ट्यूबने गर्भ आत ठेवला तरी तो सरकून तिथे रुजू शकतो. क्वचित होतं, पण झालं तर रक्त फार जातं. ज्यांना आधी असं झालंय, ज्यांना जुना जंतुसंसर्ग आहे, त्यांनी जास्त जपायचं. तुझ्या बाबतीत हे सगळंच आहे. तंबाखूही वाईट म्हणाले. दाताला बजरची तपकीर लावायची सवय तुला माझ्याच डबीने लागली, ती सोड.

आता खरं कारण. गुरुवारी अमदावादच्या दवाखान्यात तुझ्यासोबत जाऊन बोलायचं काम घरच्यांनी मला दिलं होतं. मी येणार नाही. दवाखान्यात माझ्या जिभेवर माझाच विश्वास नाही. नव्या डॉक्टरीणबाई पहिल्या ऑपरेशनचे कागद मागतील. ते कुठेच मिळणार नाहीत, कारण पालनपूरचा तो दवाखाना बंद झाला, आणि तुझी फाइल मी तू घरी आलीस त्याच संध्याकाळी बाजरीच्या रोटल्याखाली चुलीत घातली. जाळण्याआधी दोनदा वाचली होती, म्हणून अक्षर न् अक्षर आठवतं. उजवी नळी काढली, गर्भाशयाजवळ बोटाच्या पेरभर खुंट ठेवला, रक्त थांबत नव्हतं म्हणून. डावी नळी आतड्याला चिकटलेली, जुना जंतुसंसर्ग. पुढच्या वेळी सहाव्या आठवड्याच्या आत सोनोग्राफी. तुझे कागद म्हणून आता एवढंच उरलंय, माझ्या अक्षरातलं. हे पत्र त्यांना दे. वरचं सगळं फाडून शेवटच्या ओळी तेवढ्या देऊ नकोस, पूर्ण दे. तुझ्या पोटाला धोका कशाकशाचा आहे असं त्या विचारतील, त्यात मीही येते.

तुझीच म्हणायचा हक्क घालवलेली,
रई