तिचा वस्तरा, माझी विळी

१४ एप्रिल २००३

कारखान्याचं गाळप संपलं. आता हे रोज सहाच्या आत घरी. वाटलं, दोन वर्षं बोथट पडलेल्या माझ्या विळीला आता तरी धार लावतील. कसलं काय! पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला जुना वस्तरा काढला. उघडमिटीचा, शिंगाची मूठ, पातं गंजून लाल. "आबांनी दिलाय. नीट कर म्हणाले." संपलं बोलणं.

आबा म्हणजे कुशाबा. यांचे सासरे — पण माझे वडील नव्हेत. पहिलीचे.

१५ एप्रिल

पहिलीचं नाव या वहीत लिहायचं नाही, हे चार वर्षांपूर्वी लग्न होऊन राजुरीत आले तेव्हाच ठरवलं. गळ्यात तर ती आहेच. लग्नातच तिच्या नावाचा, चांदीच्या पत्र्याचा टाक घडवून मंगळसूत्राशेजारी बांधला. नवी साडी आधी त्या टाकाला लावायची, मग मी नेसायची. मेलेल्या बाईचा हेवा वाटतो, हे सांगणार कुणाला? माझ्या अंगणवाडीतल्या पोरांना?

१९ एप्रिल

चार दिवस पातं रॉकेलमध्ये होतं. आज हे ओसरीवर बारीक पॉलिश पेपरने घासत बसले. म्हटलं, कारखान्यात एवढी मशिनं आहेत, तिथं न्या की. तर म्हणाले, "मशिनवर पातं तापतं. तापलं की पाणी उतरलं त्याचं, मग धार टिकत न्हाई. ह्ये हातानंच करावं लागतंय, दमानं." माझ्याशी सलग एवढं कधी बोलल्याचं आठवत नाही.

२२ एप्रिल

मुठीचा पितळी खिळा बदलला. मुठीला खोबरेल तेल चोळलं. माझ्या टाचांच्या भेगा कुणाला दिसत नाहीत.

२७ एप्रिल

दगडावर धार काढून झाली. आता चामड्याच्या पट्ट्यावर — इकडून तिकडे, तिकडून इकडे. मनगटावरच्या केसांवर लावून बघतात आणि गालात हसतात. कुणाच्या आठवणीनं हसतात ते कळतं मला.

शेवटी सासूबाईंना विचारलंच, या वस्तऱ्याचे एवढे लाड कशाला? त्या शेंगा फोडत सहज बोलल्या, "आगं, आबाचा हात थरथरायचा. म्हून तीच करायची त्याची दाढी. दर आईतवारी एस्टीनं पठारावर आबाच्या घरी जायची. ती गेली, तवापास्नं म्हाताऱ्यानं दाढीला कुनाचा हात लावू दिला न्हाई. लई हलका हात व्हता तिचा." (त्यांनी नाव घेतलं होतं. मी 'ती' लिहिलं.)

बाईमाणसानं दाढी करायची? असं मी म्हणाले, तर सासूबाई म्हणतात, "लेकीला चालतंय."

हलका हात! माझ्या हाताबद्दल या घरात कुणी चांगलं किंवा वाईट काहीच बोललेलं नाही. आबांची ती छातीपर्यंतची दाढी मी दर दिवाळीला बघते, चहा देते. ते मला 'बाई' म्हणतात. मला वाटायचं, दाढी नवसाची असेल.

२ मे

लोणच्यासाठी कैऱ्या आणल्या. विळीनं कैरी चिरेना, नुसती घसरत होती. वस्तरा समोर फळीवर होता.

पाच कैऱ्या कोयीसकट चिरल्या. काय धार! मग रसासकट मिटून परत ठेवला. पुसायचा विसरले नाही. मुद्दामच पुसला नाही. निदान इथं तरी खरं लिहावं.

३ मे

पात्यावर काळे डाग पडले. यांनी वस्तरा उजेडात धरला, बोट फिरवलं, नाकाशी नेला. लोणच्याच्या बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भांडायच्या तयारीनं उभी होते, चार वर्षांचं साठलेलं सगळं ओठावर होतं. यांनी रॉकेलचा डबा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

७ मे

डाग गेले. टोकाशी धारेत एक बारीक खाच राहिली. "आनखी घासली तर पातंच सरंल," म्हणाले. "दिसत न्हाई. पर हाय."

अंगणवाडीतून आले, कांदा चिरायला बसले आणि बोट कापता कापता वाचलं. विळीला धार लावलेली! कधी लावली, कळलंही नाही. कांदा तसाच ठेवून जरा वेळ रडले.

१० मे

आबा उद्या येणार. सोमवारी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी दाढी काढून यायला सांगितलंय. म्हणजे वस्तरा त्यासाठी होता. दाढी करणार कोण, विचारलं. "आबाच सांगत्याल," म्हणाले. स्टँडजवळच्या सलूनवाल्याला बोलावतील बहुतेक.

११ मे, रविवार

आबा अंगणात पाटावर बसले आणि वस्तरा माझ्या हातात दिला. "तू कर, पोरी." मी यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत म्हणाले, "त्यासाठीच दिलता त्यांनी. तू हो म्हनशील का न्हाई, म्हून बोललो न्हाई."

आधी कातरीनं दाढी कमी केली, मग साबण लावला. हनुवटीखाली ती खाच लागली. रक्ताचा थेंब आला. माझी खाच! "आबा, चुकलं माझं," म्हणाले. कशाबद्दल म्हणाले ते यांना कळलं असणार.

आबा हलले नाहीत. "आगं, तुकीनं बी पयल्या डावाला हितंच कापलं व्हतं. कर म्होरं."

आबांनी पुढच्या रविवारी पठारावर बोलावलंय. तुकाबाई जायची, त्याच एस्टीनं जाईन.