शून्यांचं भरताड

सोमवार, ४ मार्च

बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतोय, म्हणजे चिप बोलतेय. कॉम्प्युटर मात्र ढिम्म! चिपच्या आतलं सर्किट मीच लिहिलंय, त्यामुळे शिव्या घालायला दुसरं कोणी नाही. नेटवर्कवर काही पाठवायचं तर ते रीतसर बांधावं लागतं — आधी "सावधान" म्हणणारे ठरावीक बाइट, मग घेणाऱ्याचा पत्ता, पाठवणाऱ्याचा पत्ता, मजकूर, शेवटी पत्ते नि मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा. सगळं जागच्या जागी आहे. आणि मजकूर तो केवढा? भट्टीचं तापमान. दोन बाइट!

साहेब दारातूनच — "शुक्रवारी पाहुण्यांना दाखवायचंय हं!" पाहुणे म्हणजे गिऱ्हाईक.

संध्याकाळी ताईचा फोन. "शुक्रवारी ती काखेतली गाठ दाखवायला जायचंय. जाईन एकटीच, त्यात काय एवढं" — आणि लगेच पडदे. पडद्यांचा रंग, शिंप्याने घातलेला घोळ, शेजारणीचं मांजर. फोन स्पीकरवर टाकून मी स्क्रीनवरचे सिग्नल बघत बसले. माझे "हं... हं..." अगदी वेळेवर पडतात. सर्किट चांगलं आहे माझं!

मंगळवार, ५ मार्च

मुद्दाम लांबलचक मजकूर पाठवून पाहिला. पोचला! पुन्हा दोन बाइट — गडप. हे काय गौडबंगाल?

बुधवार, ६ मार्च

सापडलं. मजकूर सेहेचाळीस बाइटांहून कमी पडला, की कॉम्प्युटरमधलं नेटवर्क-कार्ड त्याला कचरा समजून फेकून देतं. तक्रारसुद्धा करत नाही. मोजकं बोलणाऱ्याला इथेही किंमत नाही तर — आमच्या मीटिंगा एवढ्या का लांबतात ते कळलं!

उपाय सोपा. सेहेचाळीस होईपर्यंत मजकुरानंतर शून्यं भरायची. भरली.

तरीही गडप!!

गुरुवार, ७ मार्च

गाढवपणा माझाच. तपासणीचा आकडा मी शून्यं जोडायच्या आधीच काढत होते. शून्यांना कोण विचारतं, असं वाटलं! पण आकड्यात तीही धरावी लागतात. एवढं दुरुस्त केलं आणि भट्टी बोलली. एकटीनेच टाळी वाजवली.

पलीकडच्या टेबलावरचा पंडित — कॉम्प्युटरकडचा प्रोग्रॅम त्याचा — स्क्रीनवर वाकून म्हणाला, "अहो मॅडम, हा काय शून्यांचा बाजार! यात कामाचं काय नि ते कुठे?"

"अगदी सुरुवातीला. पुढे सगळं भरताड."

बोलून गेले, आणि हात कीबोर्डवरच राहिला. ताई. गाठ. उद्या!

साहेबांना सांगितलं, उद्या मी नाही.

"अहो, पण पाहुणे —"

"पंडित आहे. आणि दिवा लुकलुकतो तो दाखवा. सगळ्यांना तोच आवडतो."

शुक्रवार, ८ मार्च

दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघी. ताई गप्प! नाव पुकारायची वाट बघत माझं मनगट घट्ट धरून बसलेली. मग मीच सुरू केलं — पडदे, शिंपी, मांजर, पुन्हा पडदे.

"हं," ताई म्हणत होती. "हं."