तीन नंबरचे जुलाब

३ जानेवारी २०१९
स्टेम सेल ट्रान्सप्लांटला दोन वर्षं झाली आणि लिम्फोमाची गाठ मानेत परत हजर. आता इम्युनोथेरपी: दर पंधरा दिवसांनी मुंबईला सलाईन. तीन झाली. गाठ आटतेय. डॉक्टरांनी बजावलंय, या औषधाने अंगातली फौज कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर उलटते, लक्ष ठेवा. सिस्टर भाविकाने नोंदींची वही आणि कार्ड दिलं. संकल्प: रोज नोंद, खरी नोंद. चाळीस वर्षं चिकूची बाग सांभाळली, एक शरीर काय जड?

९ जानेवारी
जुलाब तीन. काल मडक्यात भाजलेलं उंबाडियं खाल्लं, कंद जास्त झाले. औषधावर आळ नको. दवाखान्याच्या वहीत: निरंक.

१२ जानेवारी
पाच. वहीत निरंक. खरं लिहिलं तर सतरा तारखेचं सलाईन थांबवतील आणि गाठ पुन्हा डोकं वर काढील. सौ. विनिता म्हणाली, अहो, सिस्टरला फोन करा. म्हटलं, डॉक्टर तू की मी? म्हणाली, दोघंही नाही.

१४ जानेवारी, सकाळी
आठ. बागेत चिकू निवडणारी जानी म्हणाली, दादा, आज झाडांकडे कमी नि संडासाकडे जास्त फेऱ्या! दुर्लक्ष केलं.
चष्मा लावून कार्ड वाचलं. रोजच्यापेक्षा चारच्या आत वाढले तर ग्रेड एक, सहापर्यंत दोन, सात आणि वर तीन. माझी रोजची एक, आज आठ, म्हणजे सात जास्त: ग्रेड तीन. जीव भांड्यात पडला. एक नंबर चिकू दिल्लीला जातो. तीन नंबरला कोण विचारतो? म्हणजे दुखणं हलक्या मालावर आलं. यासाठी सलाईन कोण थांबवणार? आता कळवायला हरकत नाही.

सकाळी ११
भाविकाला फोन. अभिमानाने सांगितलं, सिस्टर, एकावरून सुरुवात केली, तीनवर आणलं. तिने आजचे किती ते विचारलं. मग म्हणाली, काका, आनंद कसला? आमच्याकडे तीन म्हणजे गंभीर. आहात तसे निघा.

१९ जानेवारी, मुंबई, वॉर्ड
स्टेरॉइड चालू. इम्युनोथेरपी बंद, पुन्हा कधी, की नाहीच, ते आतडी शांत झाल्यावर. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशी कळवलं असतं तर थोडक्यात निभावलं असतं. गाठीचं विचारलं. म्हणाले, स्कॅन करू, बघू.
वही विनिताने काढून घेतली. आज किती, तिने विचारलं. म्हटलं, दोन. म्हणाली, चार, दाराबाहेर मीच उभी होते.
तिने चार लिहिलं. मी खाली सही केली.