बेटम्याच्या शिरेचं वय

इंदूर, १६ नोव्हेंबर १९५३

आलो एकदाचा! मला या कामाला बोलावणारे जयसिंगराव स्टेशनवर स्वतः टांगा घेऊन हजर होते. नागपुराहून निघताना शालिनीने बजावलं होतं, की आधी घर नीट बघा आणि मगच मला बोलवा. राहण्याजोगं नसेल तर बायकोला बरं वाटावं म्हणून खोटं लिहू नका. खोटं लिहायची वेळच येणार नाही. स्नेहलतागंजात बैठं दगडी घर आहे. जयसिंगरावांचे वडील संस्थानच्या फौजेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्या मौल्यवान चीजवस्तू ठेवायचा हा तोशाखाना. म्हणून भिंती हातभर जाड, दार एकच, आणि खिडकीच्या नावाने वर गजांचा एक झरोका. संस्थान गेलं, चीजवस्तू गेल्या आणि जागा माझ्या प्रयोगशाळेला आली. अर्ध्यात दगड, अर्ध्यात आमचा संसार. शालिनी नाक मुरडेल, मग दोन दिवसांत पडदे शिवायला घेईल.

स्वयंपाकाला परदेशीपुऱ्यातून द्वारकाबाई येतात. त्या मला ‘प्रोफेसरसाब’ म्हणतात. मी कॉलेजातला साधा डेमॉन्स्ट्रेटर, पण त्यांची चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही.

१८ नोव्हेंबर

काम हाती घेतलं. बेटम्याला जयसिंगरावांची शेती आहे. तिथली विहीर खोल करताना काळ्या दगडात गारेची, म्हणजे गारगोटीची, पांढरी शीर लागली आणि तिच्यात पिवळे धागे दिसले. सोनंच आहे, त्यात शंका नाही. मला शोधायचं आहे ते तिचं वय. जमिनीच्या पोटातून कढत पाणी वर येतं, दगडातल्या भेगा हुडकतं, त्यांत शिरतं आणि निवता निवता गारेने नि सोन्याने त्या बुजवून टाकतं. हे केव्हा घडलं ते कळलं, की त्याच वेळच्या दुसऱ्या शिरा कुठे शोधायच्या ते कळतं. जयसिंगरावांचं म्हणणं, एक सापडली तर तिची सगळी भावंडं पाहिजेत, ‘पूरी बारात’.

वर्षांचा आकडा हवा तर शिरेतलं अभ्रक विलायतेला पाठवावं लागतं, आणि या शिरेत अभ्रक नाही. मग आमचा जुना नियम वापरायचा: शीर ज्याला चिरून जाते, त्याच्याहून ती तरुण. हिने काळा दगड चिरला आहे, म्हणजे ती त्याच्या नंतरची. तरी मधे सहासात कोटी वर्षांची मोकळीक राहतेच.

सवयीप्रमाणे तुकडा जिभेने ओला करून भिंगाखाली धरला. ओला दगड आपले रंग दाखवतो, म्हणून आम्ही दगडवाले सगळेच चाटतो. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शालिनीने हे पाहिलं आणि त्या दिवशी ती माझ्या पंक्तीला बसली नाही. आज चव जरा खारट लागली.

२१ नोव्हेंबर

शिरेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गारेत पाण्याचे थेंब कोंडलेले आहेत, आणि प्रत्येकात एक बुडबुडा हलतो आहे. शीर बनली तेव्हाचंच हे पाणी. असे थेंब मी पुष्कळ पाहिले, पण इतके चुळबुळे कधी पाहिले नाहीत.

हे पाणी तेव्हा किती कढत होतं ते बघायला एकेक थेंब तापवावा लागतो, पण तेवढा धीर माझ्यात नाही. मूठभर गार कुटून तव्यावर भाजायला घेतली. थेंब फुटले की चट् आवाज होतो, तो कोणत्या उष्णतेला होतो ते टिपायचं; पद्धत नवी आहे आणि झटपट आहे. पण चटचट सुरू झाली ती तवा तापायच्या आधीच! झाकण ठेवायचं राहिलं. खोलीभर वाफ झाली आणि भिंतींना ओल आली. द्वारकाबाई म्हणाल्या, ‘क्या भून रहे हो, साब, चणे का?’ मी म्हटलं, तसंच काहीसं.

२४ नोव्हेंबर

घर अंगवळणी पडू लागलं. दाराखालून थंड वारा यायचा, तो बंद झाला. झरोक्याची तडकलेली काच हवेने खडखडायची, ती गप्प झाली. माझी किडकी दाढसुद्धा ठणकत नाही. इंदूरचं पाणी मानवलं म्हणायचं.

द्वारकाबाई मात्र कुरकुरतात. फरशीच्या सांध्यांत पांढरं काहीतरी भरलंय, खरवडून निघत नाही, आणि त्यात मुंग्यांची रांग अडकली आहे म्हणे. त्यांना म्हटलं, चुन्याला ओल सुटली असेल. पुतणीच्या लग्नाला त्या उद्यापासून देवासला जाणार आहेत. शालिनीला पत्र टाकलं, सोमवारी ये. फार दिवस झाले तिचा आवाज ऐकून.

२६ नोव्हेंबर

जयसिंगराव खाणीच्या परवान्यासाठी ग्वाल्हेरला गेले. हिवाळ्यात सरकारच तिकडे मुक्कामाला असतं, त्याला इलाज नाही. वाट वाकडी करून मोटारीने मला बेटम्याला सोडून गेले, परत मी बसने आलो.

विहिरीत उतरलो. शीर काळ्या दगडातून वर गेली आहे आणि तिथे थांबलेली नाही. वरच्या बांधकामातूनही ती गेली आहे. ते बांधकाम जयसिंगरावांच्या वडिलांनी करवलेलं. चुन्याचे क्षार असतील म्हणून अॅसिड टाकलं, फसफसलं नाही. काचेवर ओढलं तर ओरखडा उमटला. गारच ती. मधे सोन्याचा धागा.

म्हणजे बांधकामाहून तरुण. माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

२७ नोव्हेंबर

टेबलाखालची फरशी पाहिली. माझ्यासाठीच गेल्या महिन्यात सिमेंटचा नवा थर दिला होता. त्याला तडा गेला होता आणि तो तडा पांढऱ्या गारेने भरला आहे. मधे पिवळा धागा. नियम नियमच. ही शीर गेल्या महिन्यानंतरची. मी थेंब फोडले त्यानंतरची.

आरसा घेऊन तोंड उघडलं. किडक्या दाढेत गार भरली आहे. पिवळं चमकतंय.

शालिनीला येऊ द्यायचं नाही. तारघर काही लांब नाही. पण तारेत लिहू काय? एवढा काप घासून बघतो, म्हणजे खात्री तरी होईल. खात्री झाली की लगेच निघतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

गारच आहे. त्यात थेंब आहेत.

दार उघडत नाही.

२८ नोव्हेंबर

चौकट आणि फळी यांच्यामध्ये आता फट म्हणून उरलेली नाही. सगळीकडून पांढरी रेघ. सुरी घालून बघितली — ती तिथेच राहिली, पातं दगडात, मूठ बाहेर. छिन्नी मारली तर छिन्नीचंच तोंड बोथटलं. लोखंडाने गारेवर ओरखडाही उठत नसतो, मुलांना मीच शिकवतो.

टेबलावर चढून झरोक्यातून ओरडलो. काच, गज, सगळं एकसंध झालंय. उजेड येतो, पिवळसर. आवाज जात नाही. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, त्याचं मला ऐकू आलं. मग माझं त्याला का नाही?

ओल भिंतीवरून सरकते. मी पाहिलं. जिथे चीर असेल तिथे थांबते. रिकामी चीर तिला सहन होत नाही.

शालिनी सोमवारी येणार. मी बोलावली. मीच.

मला फार भीती वाटते आहे.

२९ नोव्हेंबर

माठातलं पाणी संपलं. भिंतीचं चाटणार नाही.

ओठ फुटले होते. सकाळी ओठांच्या भेगा भरलेल्या. गुळगुळीत. दुपारी — ओठांच्या मधली तीही भेगच की. बोटाने ताणून बघितलं. कोपऱ्याकडून बंद होत आलंय. मधे थोडं —

नाव घेऊन बघितलं. शालू. अजून येतंय.

नंतर

आता येत नाही. नाकाने श्वास चालू आहे.

३० नोव्हेंबर

टांगा थांबला. तिचाच आवाज, टांगेवाल्याशी घासाघीस —

हाक मारते आहे. अहो, म्हणते. दाराला कडी का आतून, म्हणते.

हात उगारला होता दारावर मारायला. खाली घेतला. मी आत आहे हे कळलं तर ती हलायची नाही. गप्प बसलो तर रागावेल आणि परत जाईल. जाऊ दे. रागावून जाऊ दे.

रडू येतं आहे. आवाज होऊ द्यायचा नाही.

चालली. ट्रंक उचलायला सांगते आहे —

चट्.

मी नाही. भिंत. आतले थेंब. चट्, चट्, दारापाशीच —

परत आली. म्हणते, ठोकताय ना? मला ऐकू येतंय. घाबरू नका, मी आहे.

नको ग.

टांगेवाल्याला पहार आणायला पाठवलं. शेजारचे जमलेत. दाराजवळ भिंत फोडू, म्हणतात. फोडू नका — ओल सगळी तिकडेच निघालीय, छतावरून, जमिनीवरून. तिला बाहेर जायला फटच हवी आहे. मी अंग टेकवून उभा आहे तिथे, पाठ लावून, वही दाराला —

पहार बसली. पुन्हा.

उजेड. काडीएवढा. माझ्या खांद्यापाशी.

हाताने झाकतो, पुरत नाही, बोटांमधून ओल बाहेर —

शालूने आत हात घातला. माझी बोटं धरली. गरम आहे तिचा हात. म्हणते, सापडलात, आता मी सोडायची —