घर, गिरणी आणि माझा मेंदू

मी, रतन बापूराव कामठे, वय एकाहत्तर, राहणार धायरी, पुणे, आज पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या पश्चातली व्यवस्था लिहून ठेवते. मला डिमेन्शिया, म्हणजे विस्मरणाचा आजार, जडला आहे. तरीही आज मला सगळे समजते, असा दाखला डॉक्टरांनी सोबत जोडला आहे. पुढच्या वर्षी तो मिळेलच असे नाही, म्हणून ही घाई.

१. राहते घर मुलगा दिग्विजय व सून नम्रता यांना निम्मे-निम्मे. नम्रताचा वाटा मुद्दाम वेगळा लिहिला आहे. दिग्विजय हिंजवडीला मोठा साहेब आहे, पण माझी वेणी घालते ती नम्रता.

२. बँकेतल्या ठेवीतून औषधपाणी होऊन काही उरलेच, तर ते नातीच्या शिक्षणाला.

३. हे गेल्यावर पिठाची गिरणी मीच चालवली. ती दादामियाँ शिकलगार यांना द्यावी. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायला ते कधी चुकले नाहीत. शेजारच्या सोसायटीचे चेअरमन बाबुराव यांना काहीही देऊ नये. गिरणीच्या आवाजाने झोप मोडते असा अर्ज त्यांनी केला होता. दळण मात्र माझ्याकडेच, आणि तेही बारीक हवे.

४. इस्पितळातल्या संशोधन गटाचे माझ्यावर उपकार आहेत, ते इथे नोंदवते. डॉ. अर्शिया मोमीन दर वेळी मला तारीख विचारत. मी वद्य दशमी, शुद्ध तृतीया असे काही म्हटले की त्या फुली मारत. फुल्या वाढल्या, तशी गोळीची मात्रा वाढवायचे ठरत होते. त्यांची गुरुवारी बैठक असते. तिथे सगळे एकत्र बसतात, पेशंटलाही बसवतात. एका गुरुवारी मी तिथेही तिथीच सांगितली, तेव्हा वाचातज्ज्ञ प्रियदर्शनी उठली आणि भिंतीवरचे कॅलेंडर बघून म्हणाली, तिथी बरोबर आहे. संगणक सांभाळणाऱ्या आनंदने माझी आधीची ध्वनिमुद्रणे लावली. प्रत्येक तिथी बरोबर निघाली.

डॉक्टरबाई सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "रतनताई, चूक आमची आहे. तुम्ही असे उत्तर का देता, हे आम्ही विचारलेच नाही."

मी सांगितले की गिरणी अमावास्येला बंद असते आणि एकादशीच्या आधी राजगिरा दळावा लागतो. तारखेचे मला काय काम? आता त्यांच्या प्रश्नावलीत तिथीलाही गुण मिळतात. आजार आहेच. त्याच दिवशी मला नातीचे नाव आठवले नव्हते, आणि मी तिथेच रडले. पण चूक दाखवताना कोणी आवाज चढवला नाही आणि ऐकताना कोणी तोंड वाकडे केले नाही. आमच्या भाऊबंदकीत असे कधी पाहिले नाही.

५. म्हणून मृत्यूनंतर माझा मेंदू या गटाला द्यावा. माझा आवाज, रक्त, डोक्याचे फोटो त्यांच्याकडे आहेतच. कोणाचा अंदाज खरा आणि कोणाचा चुकला, हे मेंदू पाहूनच त्यांना कळेल, आणि पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल. देह परत मिळतो, चेहऱ्याला धक्का लागत नाही. दिग्विजयचा याला विरोध आहे. "आईला अर्धवट अग्नी द्यायचा? मला जमणार नाही," असे तो म्हणाला. वडिलांना त्याने अग्नी दिला तेव्हा तो कॉलेजात शिकणारा पोर होता, हे मी विसरलेले नाही. त्याच्या सहीशिवाय ते मेंदू घेणार नाहीत.

दिग्विजय, माझा तुझ्यावर राग नाही. उद्या मी तुला ओळखणार नाही, तेव्हा तुला समजावणे मला जमायचे नाही. म्हणून आज मागते. श्वास थांबल्यावर लगेच इस्पितळात फोन करावा लागतो. ते तुझ्याने होणार नाही, म्हणून ते काम नम्रताकडे देते.

हे सर्व मला वाचून दाखवले, मी ऐकले आणि साक्षीदारांदेखत सही केली.

सही: रतन बापूराव कामठे
साक्षीदार: १. डॉ. अर्शिया मोमीन २. ॲड. शालू जगताप
पुणे, १२ नोव्हेंबर २००९

(खाली वेगळ्या अक्षरात)
कलम पाच वाचले. माझी संमती आहे. एक दुरुस्ती करावी. फोन नम्रताने करायचा नाही, मी करीन. आईला तिथे घेऊनही मीच जाईन.
दिग्विजय बापूराव कामठे